वल्ली आणि वेधशाळा

जयपूरच्या जुन्या शहरात, राजवाड्याला लागून, दगडचुन्यात बांधलेल्या यंत्रांचे एक विस्तीर्ण प्रांगण आहे. त्यास जंतरमंतर असे म्हणतात. महाराजा सवाई जयसिंह यांनी १७२७ साली जयपूर नगरी वसविली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही वेधशाळा उभी राहिली. २०१० साली तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. येथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर, म्हणजे जवळजवळ नव्वद फूट उंच आहे. वस्तुतः ते एक छायायंत्र आहे: मध्ये तिरपी भिंत आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी कंस. भिंतीची सावली कंसावरून सरकते आणि वेळ सांगते. पाहणाराच्या मनात साहजिकच असा प्रश्न येतो की, वेळच पाहावयाची तर एवढा डोंगर कशासाठी रचला? हातभर लांबीच्या पितळी यंत्रानेही वेळ कळतेच की!

या प्रश्नाचे उत्तर एका अपूर्णांकात दडलेले आहे. तो अपूर्णांक मराठी घरांना अपरिचित नाही. मात्र तो घरात शिरतो तो गणिताच्या वहीतून नव्हे, तर अनारशांच्या ताटातून. अधिक मास, म्हणजेच आपला धोंड्याचा महिना, दर दोनतीन वर्षांनी येतो. जावयाला बोलावणे जाते, वाण दिले जाते. हा महिना येतो का, हे सर्वांना ठाऊक असते. सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे, बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचे अंतर पडते. ते साचून महिन्याएवढे झाले की एक महिना जास्त धरावयाचा, म्हणजे सण आपापल्या ऋतूंत राहतात. साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनी अशी वेळ येते. परंतु ‘साधारणतः’ या शब्दावर पंचांग चालत नाही. किती वर्षांत किती अधिक मास, हे नेमके सांगावे लागते.

सूर्यसिद्धान्ताने ते नेमके सांगितले आहे. ४३,२०,००० सौर वर्षांच्या महायुगात १५,९३,३३६ अधिक मास पडतात, असे त्या ग्रंथाचे गणित. दोन्ही संख्यांना २४ ने भाग जातो. तो दिला असता १,८०,००० वर्षांत ६६,३८९ अधिक मास, असे प्रमाण मिळते. आकडे काहीसे लहान झाले खरे, परंतु एक लक्ष ऐंशी हजार वर्षे कोणी जगत नाही. व्यवहारात उपयोगी पडेल असे लहान आकड्यांचे प्रमाण हवे, आणि ते मूळ प्रमाणापासून फार दूर जाता कामा नये. हा खरा प्रश्न आहे.

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा आहे. शतमान काढावे. शंभर वर्षांत सुमारे ३७ अधिक मास येतात. हे चुकीचे नाही. पण याहून बरे काही आहे काय? आहे. एकोणीस वर्षांत सात. ३७/१०० आणि ७/१९ यांची मूळ प्रमाणाशी तुलना केली, तर दुसऱ्यातील चूक पहिल्यातील चुकीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. आकडे लहान आणि चूकही लहान! शंभर ही संख्या आपल्या बोटांना सोयीची आहे, सूर्यचंद्रांना नाही. त्यांच्या सोयीच्या संख्या शोधून काढण्याची रीत मात्र फार जुनी आहे, आणि तिचे दोन निरनिराळे प्रवाह जयपुरात एकत्र आले.

ती रीत अशी. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे आणि भागाकार टिपून ठेवावा. मग भाजकाला बाकीने भागावे आणि तोही भागाकार टिपावा. बाकी शून्य होईपर्यंत असेच चालू द्यावे. १,८०,००० ला ६६,३८९ ने भागले असता भागाकार २ आणि बाकी ४७,२२२. आता ६६,३८९ ला ४७,२२२ ने भागू: भागाकार १, बाकी १९,१६७. पुढे ४७,२२२ ला १९,१६७ ने: भागाकार २, बाकी ८,८८८. त्यापुढे १९,१६७ ला ८,८८८ ने: पुन्हा भागाकार २, बाकी १,३९१. असे एकंदर चौदा वेळा भागल्यावर बाकी शून्य उरते. प्रारंभीचे भागाकार आले: २, १, २, २, आणि पाचवा ६.

शाळेत महत्तम साधारण विभाजक काढण्यासाठी हीच भागाकाराची पद्धत शिकवितात. युक्लिडच्या सातव्या पुस्तकाच्या आरंभीच ती आहे. सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे थोर पंडित होते. ते महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, असे परंपरा सांगते. त्यांनी अरबी भाषेचा अभ्यास करून युक्लिडचा ग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. नासिरुद्दीन तूसी या इराणी विद्वानाने सिद्ध केलेली अरबी संहिता त्यांच्यापुढे होती. टॉलेमीचा ‘अल्मजेस्ट’ हा ज्योतिषग्रंथही त्यांनीच संस्कृतात उतरविला. ‘रेखागणिता’चे पंधरा अध्याय पुढे १९०१-०२ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. ग्रीसमध्ये जन्मलेली आणि अरबीत वाढलेली ही विद्या अशा रीतीने जयपुरात संस्कृत बोलू लागली.

तेथे तिला तिची एक जुनी बहीण भेटली, असे म्हणावयास हरकत नाही. कारण परस्पर भागाकाराची ही युक्ती भारतीय गणितज्ञांना आर्यभटाच्या काळापासून, म्हणजे इसवी सन ४९९ पासून, ज्ञात होती. तिला कुट्टक असे नाव आहे. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्या कुटून कुटून बारीक करावयाच्या, हा त्यातील भाव. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण दिले. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ सालचा एक शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. कुट्टकाची रीत पोथीतून पोथीत आणि शिष्यातून शिष्यात उतरत आली, ती अशा मठांमुळे.

कुट्टकात भागाकार एकाखाली एक लिहितात. ही उभी मांडणी वेलीसारखी लोंबते, म्हणून तिला वल्ली म्हणतात. वल्लीच्या तळाशी क्षेप आणि त्याखाली शून्य मांडावयाचे. मग खालून वर जावयाचे. नियम एकच: शेवटून दुसऱ्या संख्येने तिच्या वरच्या संख्येला गुणावे, त्यात शेवटची संख्या मिळवावी, आणि शेवटची पुसून टाकावी. पाटीवर धूळ पसरून गणित करणाऱ्यांना पुसणे सोपे होते. अखेरीस पाटीवर दोनच संख्या राहतात, आणि त्यांतच उत्तर असते.

आता याच वल्लीकडे दुसऱ्या दृष्टीने पाहू. भागाकारांची यादी म्हणजे एकात एक गुंफलेला अपूर्णांकच होय. गणिताच्या पुस्तकांत त्याला परंपरित अपूर्णांक म्हणतात. एक भागिले दोन आणि काही. ते ‘काही’ म्हणजे एक भागिले एक आणि काही. तेही ‘काही’ म्हणजे एक भागिले दोन आणि काही. डब्यात डबी, डबीत आणखी लहान डबी असावी, तसा हा प्रकार. कागदावर लिहू गेल्यास आडव्या रेघांची उतरंड पायरीपायरीने खाली जाते आणि पाहणाराला घाम फुटतो. वस्तुतः घाबरण्याचे कारण नाही. उतरंड उतरविताना वरचे मडके आधी काढतात. येथे मात्र तळापासून सुरुवात करावयाची, एवढाच फरक.

२, १, २, २ या चार भागाकारांवर थांबून ही किंमत काढून पाहू. सर्वांत खाली २ आहेत. त्यांचा व्यस्त १/२. त्याच्या वरचे २ त्यात मिळविले की ५/२. तो उलटा केला, २/५. वरचा १ मिळविला, ७/५. तो उलटा केला, ५/७. वरचे २ मिळविले, १९/७. शेवटी पुन्हा उलटा केला, आणि हाती आले ७/१९. उलटा करा आणि मिळवा, या दोन क्रियांपलीकडे या गणितात काही नाही. एकोणीस वर्षांत सात अधिक मास, हे प्राचीन लोकांना ठाऊक असलेले चक्र असे आपोआप वर येते.

ज्यांच्या घरी जुनी पंचांगे जपून ठेवलेली असतील, त्यांना याचा पडताळा पाहता येईल. २००४ साली श्रावण अधिक होता. त्यानंतर २००७ साली ज्येष्ठ, २०१० साली वैशाख, २०१२ साली भाद्रपद, २०१५ साली आषाढ, २०१८ साली पुन्हा ज्येष्ठ आणि २०२० साली आश्विन. २००४ चा धरून हे सात अधिक मास झाले. आठवा आला तो २०२३ साली, बरोबर एकोणीस वर्षांनी, आणि तोही श्रावणच. २००७ च्या अधिक ज्येष्ठाची जोडी २०२६ च्या अधिक ज्येष्ठाशी जमते, ती याच कारणाने.

हे सारे संगणकाकडून करवून घ्यावयाचे तर काय करावे लागते? संगणकाला शहाणपण नसते. त्याला आज्ञा लागतात. आज्ञांच्या अशा क्रमवार मांडणीला आज्ञावली म्हणतात. गुंफलेल्या अपूर्णांकाची किंमत काढण्याची आज्ञावली इतकी लहान आहे की ती पोस्टकार्डावर मावेल. यंत्राच्या स्मृतीत दोन खण कल्पावेत, एक अंशाचा आणि एक छेदाचा. पहिली आज्ञा: यादीतील अखेरचा आकडा अंशाच्या खणात ठेव आणि छेदाच्या खणात १ ठेव. दुसरी आज्ञा: यादीत एक पायरी वर जा, तेथील आकड्याने अंशाला गुण, त्यात छेद मिळव, ही नवी संख्या अंशाच्या खणात ठेव आणि जुना अंश छेदाच्या खणात सरकव. तिसरी आज्ञा: यादी वर संपेपर्यंत दुसरी आज्ञा पुन्हा पुन्हा पाळ. अपूर्णांक एकाहून लहान असेल, तर यादीच्या डोक्यावर शून्य लिहून ठेवावे. ते शेवटची उलटापालट करून देते.

आपल्या उदाहरणात त्या दोन खणांत क्रमाने २ आणि १, मग ५ आणि २, मग ७ आणि ५, मग १९ आणि ७, आणि शेवटी ७ आणि १९ असे आकडे दिसतील. ही दुसरी आज्ञा आणि वल्लीचा नियम शेजारी ठेवून पाहावेत. उपान्त्याने वरच्याला गुणणे, अंत्य मिळविणे आणि अंत्य पुसणे. अंशाने वरच्याला गुणणे, छेद मिळविणे आणि जुना छेद टाकून देणे. क्षेप १ धरला तर दोहोंत तिळमात्र अंतर नाही. धुळीच्या पाटीवर करावयाचे गणित विजेच्या यंत्रावर गेले, परंतु त्याची पावले तीच राहिली. आज्ञावली हा शब्द नवा असेल. शिष्याला विचार न करता पाळता येतील अशा क्रमाने आज्ञा देण्याची कला आपल्याकडे नवी नाही.

या रीतीला एक अडचण मात्र आहे. तळापासून सुरुवात करावयाची तर तळ कोठे आहे हे आधी माहीत पाहिजे. काही वल्लींना तळच नसतो. दोनाचे वर्गमूळ घ्या. त्याच्या यादीत प्रथम १ आणि मग २, २, २ असे आकडे अखंड येत राहतात. अशा वेळी वरून खाली येण्याची दुसरी रीत वापरतात. मागचे दोन अपूर्णांक लक्षात ठेवावयाचे. नवा भागाकार आला की त्याने लगतच्या अपूर्णांकाच्या अंशाला व छेदाला गुणावयाचे आणि त्या आधीच्या अपूर्णांकाचे अंश व छेद त्यांत मिळवावयाचे. पहिले दोन अपूर्णांक १/१ आणि ३/२. पुढचा अंश दोन त्रिक सहा आणि एक, सात. पुढचा छेद दोन दुणे चार आणि एक, पाच. म्हणजे ७/५. त्यापुढे १७/१२, ४१/२९, ९९/७० असे अपूर्णांक येतात, आणि आठव्या पायरीवर ५७७/४०८ येतो. यज्ञवेदी रचण्यासाठी शुल्बसूत्रांनी चौरसाच्या कर्णाचे जे मान दिले आहे, ते बेरीजवजाबाकी करून पाहिले तर नेमके ५७७/४०८ च भरते. ही रीत यंत्राच्या विशेष पसंतीची आहे, कारण हव्या त्या पायरीवर थांबता येते आणि स्मृतीत चारच संख्या बाळगाव्या लागतात.

इथवर यंत्राची स्तुती झाली. आता त्याच्या उणिवेकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील खरा बोध तेथेच आहे. यादी करण्याचे काम यंत्राला पूर्णांकांवर करू दिले, तर १,८०,००० आणि ६६,३८९ यांचे चौदा भागाकार ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बिनचूक देईल आणि बाकी शून्य होताच थांबेल. परंतु तेच प्रमाण दशांश अपूर्णांकाच्या रूपाने दिले, तर निराळा प्रकार घडू शकतो. संगणक अशा संख्या सामान्यतः पंधरासोळा अंकांपर्यंतच आणि तेही दोनाच्या पटीत मोडून साठवितो. एकदशांशासारखी साधी संख्याही त्याच्या खणात तंतोतंत मावत नाही. कणभर कमीअधिक होते. मग जेथे बाकी शून्य व्हावयाची, तेथे शून्याऐवजी अतिसूक्ष्म असा काही कण उरतो. माणूस तो झटकून टाकील. यंत्र त्या कणानेही प्रामाणिकपणे भागते, आणि लक्षावधींचा एखादा भागाकार यादीत लिहून मोकळे होते. त्यापुढचे सर्व आकडे निव्वळ कचरा असतात, मात्र ते छापून येतात तितक्याच सुबक टाइपात. यादीत अकस्मात अवाढव्य आकडा आला तर गणित तेथे संपले असा संशय घ्यावा, हा या कामातील पहिला सावधपणा.

दुसरा सावधपणा याहून महत्त्वाचा आहे, आणि तो यंत्राला कोणत्याही आज्ञेने शिकविता येत नाही. सूर्यसिद्धान्ताच्या प्रमाणावरून भागाकार आले २, १, २, २ आणि मग ६. आता तेच गणित आजच्या मानांवरून करू. नक्षत्रांच्या संदर्भात मोजलेले सूर्याचे वर्ष ३६५.२५६३६३ दिवसांचे आणि चांद्रमास मध्यम मानाने २९.५३०५८९ दिवसांचा. यांवरून अधिक मासांचे प्रमाण काढून वल्ली मांडली, तर भागाकार येतात २, १, २, २ आणि मग ८. पहिले चार जसेच्या तसे. पाचवा मात्र सहाच्या जागी आठ. म्हणून सात एकोणिसांश हे चक्र दोन्ही गणितांत सारखेच निघते. त्यापुढची पायरी मात्र सूर्यसिद्धान्ताप्रमाणे १२२ वर्षांत ४५ अधिक मासांची, तर आधुनिक मानाप्रमाणे १६० वर्षांत ५९ ची.

हा फरक कोठून आला? चांद्रमासाचे मान दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. प्राचीनांनी ते आश्चर्य वाटावे इतके अचूक ठरविले होते. फरक आहे तो वर्षाच्या मानात. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाच्या पाच लक्ष पंचवीस हजारांहून अधिक मिनिटांत साडेतीन मिनिटे! एवढ्याशा अंतराने पाचवा भागाकार सहाचा आठ होतो. उलट हेही खरे की, पहिल्या चार भागाकारांना त्या अंतराची दादही नाही. वल्लीचा वरचा भाग खोडासारखा घट्ट असतो. खाली जावे तसतशी ती कोवळी होते, आणि मोजमापातील बारीकशा चुकीनेही हलू लागते.

ही साडेतीन मिनिटे केवळ पंडितांच्या करमणुकीची बाब नव्हती. ती साचत जातात, आणि सुमारे ४१८ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा जो दीर्घ वाद झाला, त्यात वर्षाचे मान कोणते धरावे हा एक मुख्य मुद्दा होता. लोकमान्य टिळक, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांसारखी माणसे त्यात होती. संक्रांत कोणत्या दिवशी आणि कोणता महिना अधिक, यांवर घराघरांतील व्रते अवलंबून असतात. भागाकार करण्यात कोणत्याच पक्षाची चूक नव्हती. प्रश्न होता तो भागाकारापूर्वीचा: आकाशाकडे पाहून आणलेला मूळ आकडा कितपत विश्वासार्ह आहे?

येथे जयपूरच्या त्या दगडी डोंगराचे प्रयोजन उमगते. जयसिंहांनी आपल्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयीची तक्रार नोंदविली आहे. ती आकाराने लहान असतात, त्यांवर कोनाच्या कला दाखविण्यास जागा नसते, त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतात. म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. सम्राट यंत्राच्या कंसाची त्रिज्या सुमारे पंधरा मीटर आहे. त्यावरून सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. कंसावरील सर्वांत लहान विभाग दोन सेकंदांचा, म्हणजे दोन मिलिमीटरांहून थोडा मोठा आहे. डोळ्यांना दिसेल आणि बोट ठेवता येईल असा. याच यंत्राच्या पोटात षष्ठांश यंत्र आहे. अंधाऱ्या कोठडीत वरच्या बारीक छिद्रातून माध्यान्हीच्या सूर्याचे बिंब कंसावर पडते आणि त्याची उंची सूक्ष्मपणे मोजता येते. उंच भिंत आणि अंधारी कोठडी, दोन्हींचा हेतू एकच: वल्ली आणखी एखादी पायरी खालपर्यंत विश्वासाने वाचता यावी.

तथापि दगडालाही मर्यादा आहे. सूर्य हा बिंदू नाही, त्याला अर्ध्या अंशाएवढे बिंब आहे. त्यामुळे पंधरा मीटरांवर पडणाऱ्या सावलीची कड सुरीसारखी धारदार पडत नाही. गडद छायेच्या अंगाने वीतभराहून थोडी कमी अशी पुसट उपच्छाया पसरते. तिच्यात नेमकी रेघ कोठे, हे कसलेला निरीक्षक युक्तीने ठरवितो. केवळ विभाग बारीक कोरल्याने हे साधत नाही. आणि वर्षाच्या मानातील साडेतीन मिनिटे तर कोणत्याही एका वेधाने पकडता येणार नाहीत, कारण तेवढ्या वेळात सूर्य नक्षत्रांमधून जेमतेम साडेआठ विकला सरकतो. मात्र शंभर वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन वेधांत तोच फरक सुमारे चौदा कलांपर्यंत साचतो, आणि मग तो लपत नाही. म्हणून ज्योतिषात पूर्वजांच्या नोंदींना मोल असते. एका पिढीने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेला आकडा दुसऱ्या पिढीच्या वल्लीची एक पायरी पक्की करतो.

‘ग्रहलाघव’ लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांनी हे मर्म ओळखले होते. कोकणातील नांदगावच्या या ज्योतिष्याने १५२० साली जो ग्रंथ रचला, त्यात महायुगांच्या अजस्र संख्या टाळून लहान आकड्यांत पंचांगाचे गणित बसविले आहे. खेड्यातील जोशालाही ते करता यावे, ही त्यामागील दृष्टी. किती सूक्ष्मता टाकून दिली तरी चालेल, हे ज्याला कळते त्यालाच गणित सोपे करता येते. बाकीचे लोक ते केवळ अपुरे करतात.

आज प्रत्येक कचेरीत आणि विद्यार्थ्याच्या हातात गणन करणारे यंत्र आहे. पूर्वी वल्लीच्या चौदा पायऱ्या उतरावयास तास लागत, म्हणून माणूस प्रत्येक पायरीवर थांबून विचार करी की, आणखी खाली जाण्यात अर्थ आहे काय? यंत्राने ते श्रम वाचविले आणि त्याबरोबर तो थांबाही नाहीसा केला. शंभर माणसांच्या चौकशीवरून काढलेले शेकडेवारीचे कोष्टक चार दशांश स्थळांपर्यंत छापले जाते, आणि वाचणाराला ते अधिक खरे वाटू लागते. त्यातील पहिला अंक वस्तुस्थितीचा असतो, दुसरा कदाचित असतो. उरलेले यंत्राच्या उदारतेचे असतात. लोकांचा पैसा आणि पाणी ज्या आकड्यांवर वाटले जाते, तेथे ही उदारता महाग पडते.

गुंफलेल्या अपूर्णांकाची किंमत काढणारी आज्ञावली कोणीही एका दुपारी शिकू शकेल, आणि ज्यांच्या घरी शिकणारी मुले आहेत त्यांनी ती अवश्य शिकवावी. उलटा करा, मिळवा, वर जा, एवढेच तिचे सूत्र आहे. ते साधल्यावर मुलांपुढे एकच प्रश्न ठेवावा: या यादीतील कितव्या आकड्यापर्यंत आपला विश्वास आहे, आणि तो कशाच्या आधारावर? याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. त्यासाठी मूळ मोजमापापर्यंत मागे जावे लागते. जयपूरच्या यंत्रशाळेत तीनशे वर्षांपूर्वी पायऱ्या चढून सावलीची कड शोधणाऱ्या निरीक्षकाला तेच करावे लागत होते.